चौदा दिवसांची सक्तीची रजा

एकवीस वर्षांत माझ्या रोकडीत एक रुपयाही कमी पडला नाही, हे मी भेटेल त्याला सांगत असे. त्याच वाक्याने माझा घात केला.

मी नागपुरातल्या एका महिला वसतिगृहात हिशेब सांभाळते. एका जुन्या ट्रस्टचं वसतिगृह, दीडशेच्या आसपास मुली. निम्म्या मिहानमधल्या कंपन्यांत नोकरी करणाऱ्या, बाकीच्या शिकणाऱ्या. ऑफिस म्हणजे एक लांबट खोली, दोन टेबलं, एक लोखंडी कपाट आणि उन्हाळ्यात हवेपेक्षा आवाजच जास्त देणारा कूलर. एक टेबल माझं. दुसरं कळमेश्वरहून रोज मोटरसायकलवर येणाऱ्या क्लार्कचं. तो माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. मुलींचे अर्ज, खोल्यांचं वाटप, नळ-दिव्यांच्या तक्रारी त्याच्याकडे. पैसा माझ्याकडे. सगळाच.

सगळाच म्हणजे कसा, ते सांगते. फी आणि मेसचे पैसे मी घ्यायचे, पावती मी फाडायचे, बँकेत भरणा मी करायचे. भाजीवाल्याचा, गॅसवाल्याचा चेक मी लिहायचे, कॉम्प्युटरवर नोंद मी टाकायचे आणि महिनाअखेर बँकेचं स्टेटमेंट समोर ठेवून माझीच नोंद मीच तपासायचे. आता मुली मोबाइलवरून पैसे भरतात हे खरं, पण गावाकडून येणारे वडील अजूनही शर्टाच्या आतल्या खिशातून नोटा काढतात आणि त्या मोजून माझ्याच हातात द्यायच्या असतात त्यांना. आपला हात जगन्नाथ म्हणतात तसा सगळा कारभार. फक्त त्या जगन्नाथाने स्वतःच्या पानात कधी एक घास जास्त वाढून घेतला नाही.

सही तेवढी सरांची. सर म्हणजे ट्रस्टचे सचिव, निवृत्त मुख्याध्यापक. त्यांची भिवापूरला शेती आहे. मिरचीचे तोडे सुरू झाले की सर दोन-दोन महिने तिकडेच. जाण्याआधी एका शनिवारी यायचे, चहा घ्यायचे आणि अख्ख्या चेकबुकावर सह्या करून द्यायचे. कोऱ्या चेकवर. नाव नाही, रक्कम नाही, खाली फक्त सरांची वळणदार सही. हात दुखला की मधेच थांबून बोटं मोडायचे आणि पुन्हा सुरू. परत आले की आम्हा दोघांना एकेक किलो वाळलेली मिरची. ह्यात काही वावगं आहे असं आमच्यापैकी एकालाही कधी वाटलं नाही. मला तर त्या कोऱ्या सह्या म्हणजे छातीवर लावायचं पदक वाटायच्या.

पदक का वाटायच्या, तेही सांगायला हवं. माझे आजोबा छप्पन साली दीक्षा घेणाऱ्यांतले. वडील गिरणीत होते. आमच्या घरात उपदेश फार नव्हता, पण एक होता आणि तो जेवताना, झोपताना, शाळेत जाताना सारखा ऐकू यायचा. कोणाला बोट दाखवायला जागा ठेवायची नाही. वडील म्हणायचे, दुसऱ्याच्या हातून दहा रुपये कमी पडले तर लोक त्याला चूक म्हणतात. आपल्या हातून पडले तर दुसरा शब्द वापरतात. तो दुसरा शब्द त्यांनी कधी उच्चारला नाही. उच्चारायची गरज नव्हती. मी ह्या नोकरीला लागले आणि कपाटाची किल्ली माझ्या हातात आली, तेव्हा आईने ती किल्ली एकदा स्वतःच्या तळहातावर ठेवून पाहिली होती.

तर जुन्या ऑडिटरनी वयामुळे काम सोडलं आणि त्यांच्या जागी एक मुलगी आली. मुलगीच म्हणायची, तिशीची असेल. जुने ऑडिटर यायचे, पोहे खायचे, माझ्या वहीचं कौतुक करायचे आणि सही ठोकून जायचे. ही बाई पोह्यांना हातही लावेना. आल्या आल्या विचारू लागली. फी कोण घेतं? मी. भरणा कोण करतं? मी. चेक कोण लिहितं? मी. नोंद? मी. बँकेशी जुळवतं कोण? पाचव्यांदा मी म्हणताना माझ्याच कानाला ते खटकलं, पण मान ताठ होती. मग तिने कपाटातलं चेकबुक पाहिलं आणि सरांच्या त्या रांगेतल्या सह्या एकेक करून मोजल्या.

त्यानंतर तिने विचारलं की रोकड कधी कमी-जास्त होते का. मी माझं ते वाक्य ऐकवलं. मला वाटलं ती खूश होईल.

तिने पेन खाली ठेवलं. "ताई, रोज पैसे मोजणाऱ्या माणसाच्या हातून महिन्यातून एकदा तरी चूक होते. माझी होते. तुमची काहून नाही होत?"

मी म्हटलं, माझी नाही होत. तिने हजेरीपट मागितला. हजेरीपटात दिसलं की नऊ वर्षांत मी सलग दोन दिवसही रजा घेतलेली नाही. तिने तेही लिहून घेतलं.

पुढच्या शनिवारी सर भिवापूरहून आले आणि बैठक झाली. तिचं म्हणणं तिने शांतपणे मांडलं. पैसा घेणारा एक, नोंद करणारा दुसरा, चेकवर सही करणारा तिसरा आणि बँकेशी जुळवून पाहणारा ह्या तिघांहून वेगळा. म्हणजे एकाची चूक दुसऱ्याला दिसते आणि एकाला लबाडी करायची झाली तर दुसऱ्याला सामील करून घ्यावं लागतं, जे सोपं नसतं. कोरे चेक त्याच दिवशी रद्द करायचे. आणि हिशेबाच्या माणसाने वर्षातून एकदा सलग चौदा दिवस रजेवर जायचं. त्या दिवसांत ऑफिसात यायचं नाही, फोन करायचा नाही, त्याचं काम दुसऱ्याने करायचं. मग तिने कुठल्याशा संस्थेतल्या रोखपालाची गोष्ट सांगितली. बहिणीच्या लग्नाच्या दिवशीही तो दुपारी ऑफिसात येऊन बसला होता म्हणे, आणि सगळे त्याच्या निष्ठेचं कौतुक करायचे. पाय मोडून तो घरी पडला तेव्हा कुठे कळलं की तिथे कुंपणच शेत खात होतं. सर हसले. क्लार्कही हसला. मी हसले नाही.

सरांनी मला समजावलं की हे कोणा एकाबद्दल नाही, नियम म्हणून आहे, आणि कर नाही त्याला डर कशाला. मी म्हटलं, डर नाही, राग आहे. किल्ल्यांचा जुडगा मी टेबलावर ठेवला नाही, आपटला. मी रागीट आहे हे सगळ्या वसतिगृहाला माहीत आहे. मुली मला मागून काय म्हणतात तेही मला माहीत आहे. पण त्या दिवशीचा राग निराळा होता. त्यात वडिलांचा न उच्चारलेला शब्द होता.

आणि खरं काय होतं ते मी त्या बैठकीत सांगू शकले नाही. आई गेल्यापासून मी रजा घेतली नाही, कारण रजा घेऊन करायचं काय? मी लग्न केलं नाही. एक भाऊ होता, तो गेला. पुतणे पुण्याला, दिवाळीला फोन करतात. ऑफिसात दहा ते सहा मला कोणीतरी हाक मारतं, कोणीतरी माझ्यावर चिडतं, मी कोणावर तरी चिडते. घरी चिडायलाही कोणी नाही. माणूस एकटा आहे म्हणून कामावर येतो, हे ऑडिटच्या कुठल्या रकान्यात लिहितात, मला ठाऊक नाही. तिच्या रकान्यात ते संशयास्पद होतं.

रजेच्या पहिल्या दिवशी मी नेहमीच्या वेळी उठले, पोळ्या केल्या, भाजी केली आणि सवयीने डबा भरला. भरून झाल्यावर लक्षात आलं. मग मी तो डबा तसाच ठेवला आणि एक वाजता उघडला, कारण एक वाजता ऑफिसात आम्ही दोघं डबे उघडायचो. ताटात वाढून घ्यावंसं वाटलं नाही. रात्रीचं तर मी स्वयंपाक करणं कधीच सोडलं होतं. चहा आणि टोस्ट. एका माणसासाठी कुकर लावायचा म्हणजे कुकरचाच अपमान.

तिसऱ्या दिवशी आईचं कपाट आवरलं. चौथ्या दिवशी संध्याकाळी गल्लीत भाजीची गाडी आली, मी खाली उतरले आणि मेथी कशी दिली विचारायला तोंड उघडलं तर आवाजच निघेना. घसा खाकरावा लागला. तेव्हा कळलं की सकाळपासून मी एक शब्दही बोललेले नाही. मी तिथेच त्या गाडीवाल्याशी मेथीच्या भावावरून उगाचच भांडले, बरं वाटलं, आणि दोन जुड्या जास्तीच्या घेऊन वर आले. त्या जुड्या नंतर पिवळ्या पडल्या.

पाचव्या दिवशी विहारात गेले. एरवी मी रविवारचीच जाते. बायकांनी विचारलं, "आज कशी काय वं? रजा हाय का?" बरं नाही म्हणून सांगितलं. लगेच तिघींनी तीन काढे सांगितले. मी वंदना म्हणून मागच्या भिंतीशी बसून राहिले, आणि डोळे मिटले की मला माझं टेबल दिसत होतं, त्यावर दुसऱ्याचे हात. क्लार्क माझ्या खुर्चीत बसून माझं कपाट उघडत असेल. मी शांत बसायला आले होते आणि मनात त्याच्याशी भांडत होते.

सातव्या दिवशी काही सुचेना म्हणून मेट्रोत बसले, खापरीपर्यंत गेले आणि तशीच परत फिरले. परतीच्या गाडीत वसतिगृहातली एक मुलगी भेटली, मिहानमधून सुटून येत होती. म्हणाली, ताई, तुम्ही दिसून नाही राहिल्या, गावाला गेल्या का? मी विचारलं, फी भरलीस का? भरली म्हणाली. पावती मिळाली का? लगेच मिळाली म्हणाली, रांगच नव्हती. तिच्या मनात काही नसावं. माझं मात्र पुढचं स्टेशन कोणतं गेलं ते कळलं नाही.

नवव्या दिवशी सरांचा फोन आला. सर स्वतः कधी फोन करत नाहीत, क्लार्ककडून निरोप येतो. म्हणाले, ताई, उद्या अकराला या, थोडं विचारायचं आहे. आवाजात मुख्याध्यापक होता. मी म्हटलं, रजेवर असताना यायचं नाही असं ठरलंय ना? ते म्हणाले, या.

मी गेले. सर होते, ऑडिटर होती, क्लार्क आपल्या टेबलाशी उभा होता आणि माझ्याकडे बघत नव्हता. माझ्या टेबलावर एक जाड खाकी पाकीट होतं, त्यावर माझ्या अक्षरात लिहिलेलं, 'कमी-जास्त'. ते बघितलं आणि मी दारातच थांबले. त्या पाकिटात काय आहे ह्याचं भय नव्हतं मला. किल्ल्या देताना ते खणात आहे हे मला आठवलंच नव्हतं, ह्याचं भय होतं. एकवीस वर्षं जे मी जिवापाड लपवलं, ते मी खणात विसरून गेले होते.

सर म्हणाले, "ताई, हे काय आहे?"

पाकिटात नोटा होत्या. हिशेबात कुठेही नसलेल्या, दीडशे मुलींच्या वसतिगृहाच्या रोखपालाच्या खणात सापडलेल्या नोटा. आणि चिठ्ठ्या. दुसरं कोणी मला हे सांगितलं असतं तर मीही तोच अर्थ काढला असता. पोलीस हा शब्द कोणी काढला नाही, पण खोलीत तो होता.

मग मी सांगितलं. संध्याकाळी मोजताना पैसे कमी भरले की मी माझ्या पर्समधून टाकायचे. जास्त भरले की ते ह्या पाकिटात ठेवायचे, पुढे कधी कमी पडले तर वापरायला. प्रत्येक वेळी एक चिठ्ठी, तारीख आणि आकडा. कोणाला दाखवायला नव्हे. माझं मला. वहीत कधीच 'कमी' असं लिहिलं नाही, कारण तो शब्द माझ्या सहीच्या वर मला चालणार नव्हता. बोलता बोलता मी ओरडायला लागले होते, हे मला क्लार्कने नंतर सांगितलं. त्या दिवशी कोण काय म्हणालं ह्याचा क्रमही मी त्याला विचारूनच इथे लिहिते आहे. सरांना मी म्हणाले, "माझ्या हातून शंभर रुपये कमी पडले असते, तर तुम्ही चूकच म्हणाला असतात, सर? खरं सांगा."

सर हळू म्हणाले की मी तरी चूकच म्हटलं असतं. ते खोटं बोलत नव्हते, हे मला आज पटतं. पण ते पटायला आधी एकदा तरी चूक त्यांच्यासमोर करावी लागली असती, आणि तेवढी जोखीम मी एकवीस वर्षांत घेतली नाही.

ऑडिटर ह्या सगळ्या वेळात चिठ्ठ्या लावत होती. वर्षावार. ती रागावली नव्हती, तिचा चेहराही कडक नव्हता. बेरीज करून ती सरांना म्हणाली की ह्या बाईंनी एक पैसा घेतलेला नाही, उलट स्वतःचा घातलेला आहे, आणि तोही बराच. मी पदराने तोंड पुसलं. मला वाटलं, सुटले. त्या अर्ध्या मिनिटात मी मनातल्या मनात राजीनामाही लिहिला, त्यातलं पहिलं वाक्यही मला फार आवडलं.

तेवढ्यात तिने मला जवळ बोलावलं. टेबलावर चिठ्ठ्यांच्या गड्ड्या ओळीने होत्या. पहिल्या वर्षांच्या अगदी पातळ, वर्षाला दोन-चार चिठ्ठ्या. मधली कितीतरी वर्षं तशीच. शेवटच्या दोन वर्षांच्या गड्ड्या इतक्या उंच की तिने त्या पडू नयेत म्हणून वर पंचिंग मशीन ठेवलं होतं.

"ताई, चुका वाढून राहिल्या आहेत," ती म्हणाली. "तुम्ही दरवेळी भरून टाकल्या म्हणून कोणाले दिसल्या नाहीत. तुम्हाले पण नाही."

मी त्या गड्ड्यांकडे बघत राहिले. प्रत्येक चिठ्ठी मी स्वतः लिहिली होती, प्रत्येक आकडा माझ्या अक्षरात होता, आणि तरी हे मी पहिल्यांदाच पाहत होते. एकेक चिठ्ठी खुपसायची आणि पाकीट बंद करायचं. उंची बघायला दुसरा माणूस लागतो. तिने मला चोर ठरवलं असतं तर मी भांडले असते, कोर्टात गेले असते, वडिलांच्या फोटोसमोर उभी राहिले असते. ह्या गड्ड्यांशी कसं भांडायचं ते मला कळेना. सरांनी चहा मागवला. मी प्याले, आणि चहा गोड होता की नव्हता हेही आठवत नाही.

ते झाल्यावर मी माझ्या खुर्चीकडे वळले, तर ऑडिटर म्हणाली की अजून चार दिवस बाकी आहेत. म्हणजे चोर ठरले नाही तरी शिक्षा पूर्ण भोगावी लागली. घरी आले आणि पहिल्यांदा मला माझ्या घराची भीती वाटली. गॅस बंद केला का ते मी तीनदा पाहिलं. इथे तर चिठ्ठ्याही नव्हत्या. इथे मी काय काय विसरत असेन, हे बघायला कोणी नव्हतं, आणि ते चार दिवस मी स्वतःवर पाळत ठेवून काढले. पाळत ठेवणारी मीच असेन तर त्या पाळतीला काय किंमत, हे त्या मुलीने मला शिकवलंच होतं.

कामावर परतले तेव्हा खोलीची मांडणी बदलली होती. आता पैसे क्लार्क घेतो. संध्याकाळी वसतिगृहाच्या रेक्टर बाई येतात आणि दोघं मिळून मोजतात. मी फक्त नोंद करते. सर महिन्यातून दोनदा भिवापूरहून एसटीने येतात, कुरकुरतात, बिल पाहतात आणि मगच सही करतात. स्टेटमेंट थेट ऑडिटरकडे जातं. माझ्या टेबलाशी आता कोणी येत नाही. गावाकडून आलेले वडील त्याच्यासमोर बसतात, खिशातून नोटा काढतात, मुलीच्या भावाच्या नोकरीचं सांगतात. आधी हे सगळं माझ्यापाशी व्हायचं. मी स्क्रीनकडे बघत ऐकत असते.

दुसऱ्याच आठवड्यात त्याच्या रोकडीत चाळीस रुपये कमी भरले. मी श्वास रोखून बघत होते. त्याने दोनदा मोजलं, रेक्टर बाईंनी एकदा मोजलं. मग त्याने रजिस्टरमध्ये लिहिलं, 'कमी चाळीस रुपये', खाली दोघांनी सह्या केल्या आणि तो हेल्मेट घेऊन घरी गेला. इतकंच. मला रडू आलं, ते मी कूलरकडे तोंड करून आवरलं.

ऑडिटरने मला एकदा डोळे दाखवायला सांगितलं होतं. डोळे ठीक निघाले. डोळ्यांच्या डॉक्टरांनी चुकांचं सगळं ऐकून मेंदूच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी मला विचारलं की घरी कोण असतं. कोणी नाही म्हटलं. मग त्यांनी सांगितलं की पुढच्या वेळी अशा माणसाला घेऊन या, जो तुम्हाला रोज बघतो. मी बाहेर येऊन बाकावर बसले आणि खरंच विचार केला. पुतणे नाहीत. विहारातल्या बायका रविवारी बघतात. दूधवाला पिशवी अडकवून जातो. मला रोज बघणारा माणूस जगात एकच होता आणि त्याच्याशी मी आठवडाभर धड बोलले नव्हते, कारण तो माझ्या जागी पैसे घेत होता.

तो एका शब्दाने आला. अर्धा दिवस रजा टाकली, मला मोटरसायकलवर मागे बसवून नेलं. डॉक्टरांनी आधी मला एकटीला विचारलं, मग मला बाहेर बसवून त्याला आत बोलावलं. दोघांना वेगवेगळं विचारायचं आणि नंतर जुळवायचं. ही पद्धत आता माझ्या ओळखीची झाली होती. दार बंद होतं. मी पंचवीस मिनिटं त्या दाराकडे बघत बसले.

तो बाहेर आला तेव्हा हातात तपासण्यांची यादी होती. डॉक्टर म्हणाले होते की आत्ताच काही सांगता येत नाही, रक्त तपासू, रोज रात्री नीट जेवा, तीन महिन्यांनी पुन्हा या, ह्यांनाच घेऊन या. आम्ही जिना उतरलो. पार्किंगमध्ये मी त्याला विचारलं की तुला कधीपासून दिसत होतं.

"दोन वर्षं झाले असतीन, ताई."

काय काय, ते त्याने खाली बघत सांगितलं. एकाच वडिलांना दोनदा पैसे मागितले. चहाच्या पैशाची वर्गणी एकाच आठवड्यात दोन वेळा घेतली. त्याला कधी कधी त्याच्या आधीच्या क्लार्कच्या नावाने हाक मारली, आणि त्याने ओ दिली.

मी म्हटलं, मग सांगितलं का नाहीस?

"एकडाव सांगाले आलो होतो. तुमी म्हणाल्या, तू तुह्यं टेबल पाहाय."

मला ते आठवत नाही. पण वाक्य माझंच आहे, त्यात शंका नाही. पाच हात अंतरावर बसणाऱ्या माणसाला दोन वर्षं माझ्याबद्दल जे माहीत होतं ते मला माहीत नव्हतं, आणि ते माझ्यापर्यंत येऊ नये ह्याचा बंदोबस्त मीच करून ठेवला होता.

जन्मात मी कोणाकडे काही मागितलेलं नाही. त्या पार्किंगमध्ये, तो गाडी बाहेर काढत असताना, मी सगळा जीव गोळा करून मागितलं. त्याला म्हटलं की यापुढे माझ्या हातून काही चुकलं, काही विसरलं, तर तिथल्या तिथे सांगत जा. मी रागावेन, ओरडेन, तुझं टेबल बघ म्हणेन. तरी सांगत जा. मला सांगणारं दुसरं कोणी नाही.

त्याने हेल्मेट हातात धरलं होतं. ते त्याने घातलं नाही.

"सांगीन, ताई," तो म्हणाला. "तिथल्या तिथं सांग म्हणाल्या म्हून सांगून राहिलो. हे तुमी मले सकाळी येतानाबी सांगतलं. असंच."